पावणेतीन इंची पट्टीच्या भानगडी

आठ जीबीच्या रॅमच्या पट्टीत ६,८७१ कोटी ९४ लाख ७६ हजार ७३६ कप्पे असतात आणि त्यांतला एकूण एक गळका असतो. प्रत्येक कप्प्यात एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा भार टिकत नाही, बघता बघता पाझरतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, सगळे कप्पे वाचून पुन्हा भरावे लागतात. तुम्ही लॅपटॉप उघडा ठेवून चहा टाकायला गेलात तरी हा उपद्व्याप चालूच. झाकण मिटून स्लीपवर टाकलात तरी चालूच. रात्रभर स्लीपमध्ये पडलेल्या लॅपटॉपची बॅटरी सकाळी उतरलेली दिसते, त्यात या भरण्याचाही वाटा असतो.

हे गळके कप्पे रॉबर्ट डेनार्ड यांच्या डोक्यातून निघाले. आयबीएममधले इंजिनिअर, साल १९६६. त्यांच्या गटाच्या डिझाइनमध्ये एक बिट साठवायला सहा ट्रान्झिस्टर लागत होते. कंपनीतल्याच दुसऱ्या गटाने आपल्या चुंबकीय मेमरीचं सादरीकरण केलं आणि ती इतकी सुटसुटीत निघाली की डेनार्ड घरी गेले ते डोक्यात भुंगा घेऊनच. दिवाणखान्यातल्या कोचावर बसून विचार करताना त्यांना वाटलं, सहा कशाला, एकात का भागू नये? ४ जून १९६८ ला पेटंट मिळालं. आज फोनपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे हीच एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटरची जोडी आहे. सतत भरत राहावं लागणाऱ्या या जातीची बाजारात गाजलेली पहिली चिप म्हणजे इंटेलची १९७० सालची ११०३. तिच्यात कप्प्यामागे तीन ट्रान्झिस्टर होते आणि मावत होते १,०२४ बिट. आजच्या युनिकोडमध्ये देवनागरी लिहायची तर काना-मात्रे धरून जेमतेम ४२ चिन्हं.

आधी झाकण उघडू नका

रॅम वाढवायची म्हटलं की घरातला उत्साही माणूस पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर शोधतो. तो जरा बाजूला ठेवा. विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन 'मेमरी' निवडा. खाली बारीक अक्षरांत 'स्लॉट्स यूज्ड' असतं. 'वन ऑफ टू' दिसलं तर एक स्लॉट रिकामा आहे, जुनी पट्टी न हलवता नवी बसेल. 'टू ऑफ टू' दिसलं तर एक काढल्याशिवाय गत्यंतर नाही. तिथेच 'फॉर्म फॅक्टर' लिहिलेलं असतं. त्यापुढे 'सोडिम' असेल तर उत्तम, ती सुटी निघणारी पट्टी. 'रो ऑफ चिप्स' असेल तर बहुधा रॅम थेट मदरबोर्डला सोल्डर केलेली आहे आणि दुकानाची पायपीट वाचली.

आता नेहमीची सगळी कामं उघडा: ब्राउझर, एक्सेल, मुलांचा ऑनलाइन क्लास, जे असेल ते. चार जीबीपैकी साडेतीन भरली असेल तर रॅमच कमी पडतेय. मात्र मेमरीत जागा आहे आणि 'डिस्क' शंभर टक्क्यांवर चिकटून बसली आहे, असं दिसलं तर गुन्हेगार वेगळा. रॅमकडून माहिती यायला अंदाजे १०० नॅनोसेकंद लागतात आणि फिरत्या हार्डडिस्ककडून अंदाजे १० मिलिसेकंद. फरक लाखपटीचा. ओट्यावरचं मीठ एका सेकंदात हाताला लागतं असं धरलं, तर हार्डडिस्कवरचं मीठ यायला २७ तास ४६ मिनिटं! रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. 'हँग झाला' म्हणून आपण कपाळावर हात मारतो, तेव्हा पुष्कळदा ही ने-आण चाललेली असते.

माझं मत विचाराल तर चार जीबी आणि फिरती हार्डडिस्क असलेल्या लॅपटॉपला दोन्ही औषधं द्यावीत: जादा रॅम आणि फिरत्या डिस्कच्या जागी चिपांची एसएसडी. खिशाला एकच परवडत असेल तर आधी एसएसडी. चारच्या आठ केल्यावर फरक डोळ्यांना दिसतो. आठच्या सोळा केल्यावर तो तीस-चाळीस टॅब उघडे ठेवणाऱ्यांनाच जाणवतो. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला सोळाच्या बत्तीस करणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा.

'थ्री की फोर?'

मुंबईत लॅमिंग्टन रोडला (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग) किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या बाजूला रॅम मागा, काउंटरमागचा माणूस मान वर न करता विचारणार, "थ्री की फोर?" इथे अडखळलात की भाव चढलाच म्हणून समजा. विचारणं असतं डीडीआर३ की डीडीआर४ याबद्दल, आणि उत्तर जुन्या पट्टीच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

समजा, स्टिकरवर '८ जीबी २आरx८ पीसी३एल-१२८००एस' असं काहीसं आहे. पीसी३ म्हणजे डीडीआर३. १२८०० म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२,८०० मेगाबाइट. त्याला आठने भागा, १६०० येतात, आणि दुकानदार जिला 'सोळाशेची रॅम' म्हणतो ती हीच. खरं घड्याळ मात्र ८०० मेगाहर्ट्झचंच असतं. प्रत्येक ठोक्याला चढताना एकदा आणि उतरताना एकदा अशी दोनदा माहिती पाठवली जाते, म्हणून आकडा दुप्पट. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची छोटी पट्टी.

या सगळ्यात जपायचं ते मधल्या एल या अक्षराला. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. साधारण २०१३ नंतरच्या कित्येक लॅपटॉपना एलवालीच लागते. साधी बसवलीत तर ती खाचेत नीट बसते, दिसते तशीच, आणि लॅपटॉप काळा पडदा दाखवून गप्प. उलट एलवाली पट्टी जुन्या १.५ व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये सहसा मुकाट चालते. त्यामुळे संशय असेल तेव्हा एलवालीच घ्यावी. पिढ्यांबरोबर व्होल्टही उतरत गेले आहेत: पहिली डीडीआर २.५ वर, दुसरी १.८, तिसरी १.५, चौथी १.२ आणि पाचवी १.१.

एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, यात नशिबाचा भाग नाही. पट्टीच्या कडेला जी खाच असते तिची जागा दर पिढीला मुद्दाम थोडी सरकवलेली असते. पट्टीची लांबी मात्र जवळपास तीच, तिसरीपर्यंत ६७.६ मिलिमीटर आणि चौथीपासून ६९.६. पायांची संख्या डीडीआर२ ला २००, तिसरीला २०४, चौथीला २६०, पाचवीला २६२. लॅपटॉपच्या पोटात अंगठ्याने जोर लावून डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसवू पाहणारे वीर दुरुस्तीवाल्यांना नित्य भेटतात, आणि मदरबोर्डचा खर्च ऐकून तेच वीर गपगार होतात.

कंपनीचा आकडा आणि खरा आकडा

लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत 'कमाल मेमरी ८ जीबी' असं छापलेलं असतं. ते दर वेळी प्रोसेसरची मर्यादा सांगत असेलच असं नाही. लॅपटॉप बाजारात आला तेव्हा एवढ्याच क्षमतेच्या पट्ट्या तपासून पाहिल्या होत्या, इतकाच त्याचा अर्थ कधी कधी असतो. २०१२ च्या मध्याला आलेल्या १३ इंची साध्या मॅकबुक प्रोला अ‍ॅपलने ८ जीबीची मर्यादा सांगितली, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या घालून लोक तो १६ जीबीवर बिनतक्रार वापरत राहिले. प्रोसेसरचं नाव शोधून त्याची कमाल मेमरी बघितली तर पुस्तिकेपेक्षा भरवशाचा आकडा मिळतो.

उलटा फटकाही बसतो. पट्टी आठची, स्लॉट चांगला, तरी विंडोज दाखवतं सव्वातीन! कारण विंडोज ३२ बिटचं असतं. ३२ अंकी पत्त्यांनी दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४ जीबीएवढीच घरं दाखवता येतात, आणि त्यातली काही ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी आधीच राखून ठेवलेली असतात. विंडोज ७ मध्ये तर कंपनीने आवृत्तीनुसारही कुंपण घातलं होतं. स्वस्त नेटबुकांवरच्या स्टार्टरला २ जीबी, आपल्याकडे पुष्कळ लॅपटॉपवर आलेल्या होम बेसिकच्या ६४ बिटला ८ जीबी, होम प्रीमियमला १६. तुम्ही रॅम कितीही घाला, विंडोजला तेवढीच दिसणार.

या विषयातली सर्वांत प्रसिद्ध मर्यादा ६४० केबीची. १९८१ चा आयबीएम पीसी किमान १६ केबी मेमरीसह विकला जायचा. त्याच्या एकूण १ एमबी पत्त्यांपैकी ६४० केबी प्रोग्रामांना आणि उरलेले पडदा वगैरे सरंजामाला अशी वाटणी होती. '६४० केबी कुणालाही पुरेल' हे वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर चाळीसेक वर्षं फिरतंय. आपण असं कधीच म्हणालो नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगतात. पण चांगलं वाक्य चुकीच्या माणसाच्या तोंडी एकदा पडलं की खुलाशांना विचारतो कोण?

सॉफ्टवेअरमधून रॅम

'इंटरनेटवरून रॅम डाउनलोड करा' हा विनोद आता सगळ्यांना ठाऊक आहे. १९९५ मध्ये मात्र लाखो लोकांनी यासाठी खरे पैसे मोजले.

विंडोज ९५ आलं, पेटीवर किमान ४ एमबी रॅम लिहिलेली, आणि प्रत्यक्षात ४ एमबीवर ते रांगत चालायचं. रॅम महाग. अशात अमेरिकेतल्या सिंक्रोनिस नावाच्या कंपनीने 'सॉफ्टरॅम' आणलं. पट्टी नको, स्क्रूड्रायव्हर नको, नुसतं सॉफ्टवेअर टाका आणि मेमरी दुप्पट! आतली माहिती दाबून बसवून जागा वाचवतो, असा दावा. खप दोन्ही आवृत्त्या मिळून सात लाखांच्या घरात गेला. मग जाणकारांनी आणि जर्मनीतल्या 'सीटी' या संगणक मासिकाने ते उघडून पाहिलं. विंडोज ९५ साठीच्या आवृत्तीत दाबून बसवण्याचं काम होतच नव्हतं. पडद्यावरचा काटा मात्र मेमरी वाढल्याचं झोकात दाखवत होता. १९९६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीला चाप लावला आणि ग्राहकांना काही पैसे परत द्यायला लावले.

गंमत अशी की ती कल्पना खोटी नव्हती. विंडोज १० आणि ११ मेमरीतली थंड पडलेली माहिती खरोखर दाबून ठेवतात, लिनक्समध्ये त्यासाठी झेडरॅम आहे. सॉफ्टरॅमवाल्यांनी फक्त ते काम करून घ्यायचं राहू दिलं आणि जाहिरात तेवढी केली. त्यांचे वंशज आजही फोनवर 'रॅम बूस्टर' नावाने झाडू घेऊन फिरताना दिसतील. रिकामी रॅम काही कामाची नसते. तिच्यात पुढे लागेल ते आधीच आणून ठेवण्याचं काम विंडोज आणि अँड्रॉइड मुद्दाम करतात. बूस्टर ते हुसकावतो आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून आणायला लागतं.

भावाचं काय सांगावं

सोन्याचे भाव सांगणारे जाणकार गल्लोगल्ली असतात. रॅमचा भाव मात्र कुठल्या टोकाच्या कारणाने उसळेल याचा नेम नाही. ४ जुलै १९९३ ला जपानच्या निइहामा गावात सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपा बनत नव्हत्या. चिपेवर जे काळं आवरण असतं त्यासाठीचं इपॉक्सी रेझिन बनत होतं, जगाला लागणारं निम्म्याहून जास्त. काही आठवड्यांत मेमरीचे भाव जवळपास दुप्पट झाले. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये तैवानला भूकंप झाला, भाव उसळले. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या वूशीत एसके हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली, पुन्हा उसळले.

कधी भाव कारखान्याऐवजी बैठकीत ठरले. १९९९ ते २००२ च्या काळात मेमरी बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी संगनमताने भाव ठरवल्याचं अमेरिकेत उघड झालं. इन्फिनिऑनला १६ कोटी डॉलर दंड, हायनिक्सला साडेअठरा कोटी, सॅमसंगला ३० कोटी, एल्पिडाला ८.४ कोटी. मायक्रॉनने तपासाला मदत केली म्हणून ती दंडातून सुटली.

ही मायक्रॉन म्हणजे अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या बॉइसी गावची. १९७८ मध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या तळघरात सुरू झालेली. सुरुवातीच्या काळात तिच्यात पैसा घालणाऱ्यांत जे. आर. सिम्प्लॉट होते, मॅकडोनाल्ड्सला फ्रेंच फ्राइजसाठी गोठवलेले बटाटे पुरवणारे बटाटासम्राट! आता तिची एक जुळणी आणि तपासणीची फॅक्टरी गुजरातेत साणंदला आहे, २०२३ मध्ये तिचं भूमिपूजन झालं. जगातली बहुतेक सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच हातात आहे. आणि इंटेल? ती १९६८ मध्ये निघालीच मुळी मेमरी विकायला. जपानी कंपन्यांच्या स्वस्त चिपांपुढे टिकाव लागेना, तेव्हा १९८५ मध्ये तिने रॅम बनवणं सोडलं आणि प्रोसेसरवर जोर दिला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

ताजा तडाखा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीची इतकी भूक लागली की २०२५ च्या अखेरीस सामान्य ग्राहकाच्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला 'क्रुशल' हा ग्राहकांचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. जुन्या लॅपटॉपात जीव फुंकण्यासाठी लोक वर्षानुवर्षं डोळे झाकून जो ब्रँड घ्यायचे, तोच. त्यामुळे माळ्यावर पडलेला मेलेला लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्यातली पट्टी काढून घ्या. डीडीआर४ असेल तर नक्कीच.

पारा, जिन आणि विणलेल्या तारा

रॅम इतकी सुटसुटीत नेहमीच नव्हती. १९५१ चा युनिव्हॅक आपली मेमरी पाऱ्याच्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपाने फिरवत ठेवायचा. एका टोकाने आवाज सोडायचा, दुसऱ्या टोकाला ऐकायचा, पुन्हा पहिल्या टोकाने सोडायचा. अशी मावायची १,००० शब्दांची माहिती. पारा महाग आणि विषारी. अ‍ॅलन ट्युरिंग यांनी त्याऐवजी पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण सुचवलं होतं, प्रमाण साधारण जिनसारखं. कुणी ते मनावर घेतलं नाही, नाहीतर जुन्या संगणकांची मेमरी रोज का कमी होते याचा शोध घ्यावा लागला असता.

मग आल्या फेराइटच्या बारीक कड्या, तारांच्या जाळ्यात ओवलेल्या, एका कडीत एक बिट. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक याच जातीचा. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे १० केबी. आठ जीबीच्या एका पट्टीत असे आठ लाख अडतीस हजार टिफ्रॅक बसतील.

अपोलो यानांच्या संगणकात बदलता येणारी मेमरी ४ केबी होती. कायमचा प्रोग्राम मात्र अक्षरशः विणलेला. तार कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या रेथिऑनच्या कारखान्यात बायका हे विणकाम हाताने करत. एक टाका चुकला तर चंद्रावर जाताना गोंधळ.

मेमरी खराब झाली आणि पट्टी बदलणं शक्यच नाही, अशी सर्वांत दूरची घटना व्हॉयेजर १ ची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते यान पृथ्वीकडे निरर्थक माहिती पाठवायला लागलं. कारण निघालं, एका उपसंगणकातली एक मेमरी चिप मेली होती आणि तिच्याबरोबर त्या मेमरीतले ३ टक्के गेले होते. यान २,४०० कोटी किलोमीटर लांब, निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. नासाच्या लोकांनी त्या चिपेतला प्रोग्राम तुकडे करून उरलेल्या जागेत इथे-तिथे बसवला, आणि २० एप्रिल २०२४ ला यान पुन्हा शुद्धीवर आलं. १९७७ चं यंत्र, आपल्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी जुनं.

आकाशातून पडणारे आणि थंडीत टिकणारे बिट

१९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या मेमरीत अधूनमधून एखादा बिट आपोआप उलटा व्हायचा. शोधताना कळलं, चिपेच्या सिरॅमिकच्या आवरणातच किरणोत्सर्गी द्रव्याचे अंश होते आणि त्यातून निघणारे अल्फा कण कप्प्यातला भार ढवळत होते. अंतराळातून येणारे कणही असा खोडसाळपणा करू शकतात. मे २००३ मध्ये बेल्जियमच्या स्कारबेकमधल्या निवडणुकीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहून ४,०९६ मतं जास्त पडलेली दिसली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बरोब्बर बारावा घात! एकच बिट पलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. तो अंतराळातून आलेल्या कणाने पलटला हा नंतरचा तर्क, पण चर्चेला चविष्ट.

दुसरी गंमत २००८ ची. लॅपटॉप बंद केल्यावर रॅममधलं सगळं क्षणात जातं, असा समज होता. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की ते सेकंदांपर्यंत रेंगाळतं, आणि पट्टी थंड केली तर मिनिटांपर्यंत. त्यासाठी त्यांनी कीबोर्ड झाडायचा हवेचा डबा उलटा धरला आणि चिपांवर फवारा मारून त्या उणे ५० अंशांपर्यंत गारठवल्या. मग पट्टी उपटून दुसऱ्या यंत्रात लावली आणि डिस्कचं कुलूप उघडणाऱ्या गुप्त किल्ल्या काढून दाखवल्या.

शेवटी झाकण उघडा

चार्जर काढा. बॅटरी सुटी निघत असेल तर काढा. आतली असेल तर झाकण उघडल्यावर तिचा कनेक्टर सोडवा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मग एखाद्या धातूच्या जमिनीशी जोडलेल्या वस्तूला हात लावा. अंगातली स्थिर वीज ३,००० व्होल्टच्या आसपास गेली तर आपल्याला चटका जाणवतो, चिपेला इजा व्हायला त्याहून बरीच कमी पुरते. कोकणात दमट हवेमुळे हा धोका कमी. विदर्भातल्या कोरड्या हिवाळ्यात लोकरीचं स्वेटर घालून हे काम करू नये.

पट्टी काठांना धरा, सोनेरी पायांना बोट लावू नका. खाच जुळवून तिरकी, साधारण तीस अंशांत, आत सरकवा. पाय जवळपास दिसेनासे झाले की वरून हळूच दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक' करून बंद झाल्या पाहिजेत. एकच 'टक' आला तर बसलेली नाही. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या असतील तर दोन्हीकडून एकदम माहिती येते आणि त्याचा फायदा आतल्या ग्राफिक्सला होतो. तिला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच वाटा घेते. आठ जीबी घालून ७.८ किंवा त्याहून कमी दिसते, ते यामुळेच.

पहिल्यांदा सुरू करताना पडदा मिनिटभर काळा राहिला तर धीर धरा, यंत्र नव्या मेमरीची ओळख करून घेत असतं. तसाच राहिला तर पट्टी काढा आणि तिचे पाय शाळेतल्या साध्या खोडरबराने हलकेच घासा. दुरुस्तीच्या दुकानांतला हा जुना उपाय आहे आणि तो बऱ्याचदा चालतो, कारण गंजाचा किंवा धुळीचा पापुद्रा निघून जातो. चुरा मात्र लॅपटॉपपासून दूर झटका.

सोल्डर केलेल्या रॅमवाल्यांना यातलं काहीच करता येत नाही. २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरपासून पातळ लॅपटॉपांनी हा रस्ता धरला. चिप प्रोसेसरच्या जवळ ठेवली की वीज कमी लागते आणि वेग वाढतो, हे खरं आहे. आठ जीबीचा लॅपटॉप तीन वर्षांनी बदलावा लागतो, हेही तितकंच खरं. डेलने २०२२ मध्ये आणलेल्या कॅमवरून डिसेंबर २०२३ मध्ये मानक ठरलेल्या कॅम२ नावाच्या चपट्या, स्क्रूने घट्ट होणाऱ्या मेमरीमुळे सुटी रॅम परत येण्याची थोडी आशा आहे.

बसवल्यावर विंडोजच्या शोधपट्टीत 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' टाइप करा आणि रात्री चाचणी लावून झोपा, सेकंडहँड पट्टी घेतली असेल तर न विसरता. सकाळी चूक दाखवली तर पट्टी बिलासकट दुकानात, त्याच दिवशी. आणि काढलेली जुनी दोन जीबीची पट्टी सोन्याच्या लोभाने आम्लात बुडवू नका. तिच्या पायांवरचा मुलामा इतका पातळ असतो की त्यातून फक्त धूर आणि खोकला मिळेल. त्यापेक्षा ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या किंवा तापकीर गल्लीत विचारून बघा, कुणाचा तरी २०१० चा लॅपटॉप तिच्याचसाठी अडून बसलेला असतो.